पिकावरील ताण डोळ्यांना दिसण्याआधी प्रकाशाच्या मोजमापातून ओळखता येतो का?

पर्णवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. मी ड्रोनवर बसवलेल्या मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने पिकांच्या प्रतिमा घेतो. कॅमेऱ्यात निळा, हिरवा, लाल, रेड एज (लाल आणि निकट अवरक्त यांच्या मधला) आणि निकट अवरक्त असे प्रकाशाचे पाच पट्टे आहेत आणि त्यांतून मी मुख्यतः एनडीव्हीआय हा पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक काढून नकाशे तयार करतो. पीक विरळ असताना हे नकाशे उत्तम काम देतात: उगवण कुठे कमी झाली, वाढ कुठे मागे पडली, हे त्यांत स्पष्ट दिसते. अडचण येते ती पीक दाट झाल्यावर.

अलीकडे एका दाट वाढलेल्या पिकात सिंचनाची एक वाहिनी बंद पडल्यामुळे काही ओळींना पाणी मिळत नव्हते. त्या काळात घेतलेल्या एनडीव्हीआय नकाशात त्या ओळी आणि शेजारच्या ओळी यांत कोणताही फरक नव्हता. फरक उमटू लागला तेव्हा पाने मलूल आणि फिकट झाल्याचे बांधावरूनही दिसत होते. जे डोळ्यांना दिसते तेच नंतर नकाशात दिसणार असेल, तर त्याचा उपयोग नोंद ठेवण्यापुरता उरतो. निर्णय घेण्यासाठी होत नाही.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते की, वनस्पतीवरील ताण लक्षणे दिसण्याआधी प्रकाशाच्या मोजमापातून ओळखणे खरोखर शक्य आहे का. शक्य असेल तर तो वर्णपटाच्या कोणत्या भागात आणि किती लवकर दिसतो? आणि माझ्याजवळच्या पाच पट्ट्यांतून याहून अधिक काही काढता येईल, की त्यासाठी वेगळेच उपकरण लागेल?

हरितकण यांचे उत्तर

शक्य आहे. मात्र ‘ताण’ असा एकच शब्द आपण वापरत असलो तरी वनस्पतीच्या आत त्या वेळी अनेक प्रक्रिया वेगवेगळ्या वेगाने घडत असतात आणि त्यांतील प्रत्येक प्रक्रिया वर्णपटाच्या वेगळ्या भागात उमटते. एनडीव्हीआय ज्या दोन गोष्टींना प्रतिसाद देतो, म्हणजे पानांचे एकूण क्षेत्र आणि त्यांतील हरितद्रव्य, त्या पाण्याच्या ताणात सर्वांत शेवटी बदलतात. आपल्याला बदल उशिरा दिसला, त्याचे कारण हे आहे.

घटनांचा क्रम लक्षात घेतला तर पुढचे सर्व सोपे होते. मुळांना पाणी कमी पडू लागले की ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, अंशतः मिटतात. हे काही मिनिटांत किंवा तासांत होते. रंध्रे मिटल्याचे दोन परिणाम एकाच वेळी सुरू होतात. पहिला म्हणजे बाष्पोत्सर्जन घटते आणि त्यामुळे पानाला मिळणारा गारवा कमी होऊन पान तापते. दुसरा म्हणजे पानात शिरणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पानाने शोषलेल्या प्रकाशऊर्जेचा काही भाग वापराविना उरतो. ही उरलेली ऊर्जा पेशींना घातक असते, म्हणून पान ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्याची व्यवस्था करते. या व्यवस्थेत व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचे झिआझँथिनमध्ये रूपांतर होते आणि त्याबरोबर 531 नॅनोमीटरच्या आसपासचे परावर्तन किंचित कमी होते.

या सूक्ष्म बदलावर आधारित निर्देशांक गॅमन, पेन्युएलास आणि फील्ड यांनी 1992 साली मांडला. तो पीआरआय या नावाने ओळखला जातो. त्यात 531 नॅनोमीटरच्या परावर्तनाची तुलना 570 नॅनोमीटरच्या परावर्तनाशी करतात, कारण 570 वर या रूपांतराचा परिणाम जवळजवळ होत नाही. हरितद्रव्याचा एक कणही नष्ट होण्याआधी पान अडचणीत असल्याचे या मोजमापातून कळू शकते, हे मला या सर्व विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. तरीही पीआरआय वाचणे सोपे नाही. ऊन आणि सावली यांच्या प्रमाणानुसार तो बदलतो, आणि ऋतू पुढे सरकतो तसे पानातील कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) आणि हरितद्रव्य यांचे प्रमाणही बदलत असल्याने त्याची आधाररेषाच हळूहळू सरकते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या महिन्यांतील आकड्यांची सरळ तुलना करण्यापेक्षा एकाच दिवसातील सकाळ आणि दुपार यांची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते.

यानंतरचे बदल सावकाश होतात. पेशींतील दाब घटतो, पानांचा कोन बदलतो, मक्यासारख्या पिकात पाने गुंडाळू लागतात आणि नवीन पानांची वाढ खुंटते. पानातील पाण्याचे प्रमाण कमी झाल्यावर लघुतरंगी अवरक्त भागात, विशेषतः 1450 आणि 1940 नॅनोमीटरजवळच्या पाण्याच्या शोषणपट्ट्यांत, परावर्तन वाढते. हरितद्रव्य विघटित होण्यास बहुधा अनेक दिवस, कधी आठवडे लागतात.

येथे पिकाच्या स्वभावाचाही विचार करावा लागतो. मका रंध्रे लवकर मिटून पानातील पाणी राखतो, तर सूर्यफूल रंध्रे बराच वेळ उघडी ठेवते आणि पानातील पाणी कमी होऊ देते. म्हणून ‘पाण्याचा ताण किती दिवस आधी दिसेल’ या प्रश्नाला सर्व पिकांसाठी एकच आकडा देता येत नाही, आणि असा आकडा कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याने तो कोणत्या पिकावर, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या हवेत मोजला हे विचारून घ्यावे.

वर्णपट यांचे उत्तर

हरितकण यांनी वनस्पतीची बाजू मांडली आहे; मी उपकरणाची बाजू मांडतो, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

एनडीव्हीआय म्हणजे निकट अवरक्त आणि लाल यांच्या परावर्तनांतील फरक भागिले त्यांची बेरीज. 1972 साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवर काम करताना तो प्रचारात आला आणि विस्तीर्ण गवताळ प्रदेशातील हिरवेपणा मोजण्यासाठी तो अगदी योग्य होता. दाट पिकात मात्र त्याची संवेदनशीलता संपते. लाल प्रकाश, विशेषतः 660 ते 680 नॅनोमीटर, हरितद्रव्य इतक्या जोराने शोषते की पानांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या सुमारे तिप्पट झाले की परावर्तित होण्यासाठी लाल प्रकाश जवळपास उरतच नाही. त्यानंतर हरितद्रव्य काही प्रमाणात घटले तरी उरलेले हरितद्रव्य सगळा लाल प्रकाश शोषण्यास पुरेसे असते, म्हणून निर्देशांक हलत नाही.

रेड एज म्हणजे साधारण 680 ते 750 नॅनोमीटरमधील तो भाग, जिथे परावर्तन लालच्या तळापासून निकट अवरक्तच्या उंचीपर्यंत एकदम चढते. येथे हरितद्रव्याचे शोषण दुबळे असल्यामुळे प्रकाश पानांच्या थरांत खोलवर जातो आणि हरितद्रव्यातील थोडी घटही परावर्तनात दिसते. हिशेबाने पाहू. समजा निरोगी दाट पिकात लालचे परावर्तन 4 टक्के, 705 नॅनोमीटरचे 12 टक्के आणि निकट अवरक्तचे 45 टक्के आहे. हरितद्रव्य कमी झाल्यावर लाल 4.3 टक्के आणि 705 नॅनोमीटरचे 16 टक्के झाले, तर एनडीव्हीआय 0.84 वरून 0.83 होईल. हा फरक मोजमापाच्या चुकीत सहज बुडून जातो. तेच सूत्र लालऐवजी रेड एज वापरून मांडले, म्हणजे एनडीआरई काढला, तर तो 0.58 वरून 0.48 वर येईल आणि नकाशात स्पष्ट उमटेल. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत आणि आपल्या कॅमेऱ्याचा रेड एज पट्टा 705 ऐवजी थोडा पुढे असू शकतो, पण बदलाची दिशा हीच राहील.

एनडीआरई मात्र पानांचे क्षेत्र कमी झाल्यावरही खाली येतो. म्हणून ज्या भागांचा एनडीव्हीआय जवळजवळ सारखा आहे अशाच भागांची एनडीआरईवर तुलना करावी. तसे केल्यास उरलेला फरक बऱ्याच अंशी हरितद्रव्याचा असतो. नत्राच्या कमतरतेसाठी ही पद्धत आपल्या सध्याच्या कॅमेऱ्यातून उत्तम साधते.

पाण्याच्या ताणासाठी मात्र या पाच पट्ट्यांकडून फार लवकरची सूचना मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, हे मी स्पष्टच सांगतो. पीआरआयसाठी 531 आणि 570 नॅनोमीटरवर सुमारे 10 नॅनोमीटर किंवा त्याहून अरुंद असे दोन वेगळे पट्टे लागतात. आपल्या कॅमेऱ्यातील हिरवा पट्टा एकच आहे आणि तो त्याहून रुंद असणार. पानातील पाणी थेट दाखवणारे लघुतरंगी अवरक्त पट्टेही त्यात नाहीत, कारण सिलिकॉनचा संवेदक साधारण 1000 ते 1100 नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश ओळखू शकत नाही. पुढच्या पट्ट्यांसाठी इंडियम गॅलियम आर्सेनाइडसारख्या पदार्थाचे संवेदक वापरावे लागतात आणि ते बरेच महाग असतात.

निर्देशांक निवडण्यापूर्वी मोजमाप तपासणे अधिक गरजेचे आहे, आणि चर्चेत नेमके तेच मागे पडते. कॅमेरा मोजतो ती प्रकाशाची तीव्रता; आपल्याला हवे असते परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत आला ते. त्यासाठी उड्डाणाच्या आधी आणि नंतर ज्ञात परावर्तनाच्या पॅनेलची प्रतिमा घ्यावी आणि ड्रोनवर वरून पडणारा प्रकाश मोजणारा संवेदक असेल तर त्याच्या नोंदीही वापराव्यात. एक्स्पोजर आपोआप बदलत असेल तर त्याची दुरुस्ती सॉफ्टवेअर करते आहे ना, याची खात्री करावी. प्रतिमेच्या कडांना येणारा अंधार दुरुस्त करावा. ढग येत-जात असताना उड्डाण टाळावे. सूर्याची उंची दर वेळी शक्य तितकी सारखी ठेवावी, कारण पीक सर्व दिशांना सारखा प्रकाश परत पाठवत नाही: सूर्य पाठीशी असताना तेच पीक उजळ दिसते आणि समोर असताना गडद दिसते. या गोष्टी न पाळता दोन तारखांच्या नकाशांची वजाबाकी केली तर दिसणारा फरक पिकाचा की आकाशाचा, हे ठरवता येणार नाही. साध्या कॅमेऱ्यातील अवरक्त गाळणी काढून तयार केलेल्या कॅमेऱ्यांबाबत तर ही अडचण आणखी मोठी असते, कारण त्यांचे पट्टे रुंद असून एकमेकांत मिसळलेले असतात.

पर्णवाचक

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. एनडीव्हीआय सारखा असलेल्या भागांतच एनडीआरई तपासण्याची सूचना मी जुन्या प्रतिमांवर लगेच वापरून पाहणार आहे.

हरितकण यांनी पान तापण्याचा उल्लेख केला आहे. तोच पहिला बदल असेल तर थर्मल कॅमेरा हा पाण्याच्या ताणासाठी सरळ मार्ग दिसतो. त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि पान तापले म्हणजे पाणी कमी आहे असे समजून सिंचन सुरू करणे कितपत सुरक्षित आहे? शिवाय रोगामुळे आलेला ताण आणि पाण्याच्या कमतरतेचा ताण वेगळे ओळखता येतात का, हेही जाणून घ्यायचे आहे.

बाष्प यांचे उत्तर

पाण्याच्या ताणासाठी थर्मल मोजमाप हाच सर्वांत लवकर सूचना देणारा व्यवहार्य मार्ग आहे, असे माझे मत आहे. त्याचे भौतिक कारण भक्कम आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2.45 मेगाज्यूल उष्णता शोषली जाते, आणि ती पानातून आणि त्याच्या भोवतालच्या हवेतून घेतली जाते. कोरड्या हवेत भरपूर पाणी मिळालेले पीक भर दुपारीही हवेपेक्षा काही अंशांनी थंड राहू शकते. रंध्रे मिटली की तेच पीक हवेइतके किंवा हवेहून गरम होते. येथे आपण परावर्तित सूर्यप्रकाश मोजत नसून पानाने स्वतः उत्सर्जित केलेले, मुख्यतः 8 ते 14 मायक्रोमीटरमधील प्रारण मोजत असतो.

अडचण अशी की पानाचे नुसते तापमान जवळजवळ काहीच सांगत नाही. पान 31 अंश सेल्सिअसवर आहे हे कळले तरी हवा किती गरम, किती कोरडी, वारा किती आणि ऊन किती, हे माहीत असल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. दमट दिवशी निरोगी पीकसुद्धा फारसे थंड होत नाही, कारण हवेला बाष्प घेण्याची ओढ कमी असते. 1981 साली इड्सो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीक जलताण निर्देशांक मांडला तो याच कारणासाठी. त्यात पीक आणि हवा यांच्या तापमानातील फरक दोन टोकांच्या मध्ये बसवतात. एक टोक पूर्ण बाष्पोत्सर्जन करणाऱ्या पिकाचे आणि दुसरे बाष्पोत्सर्जन थांबलेल्या पिकाचे. निर्देशांक शून्याजवळ असेल तर ताण नाही, एकाजवळ असेल तर रंध्रे जवळजवळ बंद आहेत. खालच्या टोकाची, म्हणजे पूर्ण बाष्पोत्सर्जन करणाऱ्या पिकाची रेषा हवेच्या बाष्पदाब तुटीवर, म्हणजे हवा किती कोरडी आहे यावर, अवलंबून असते आणि ती प्रत्येक पिकासाठी वेगळी काढावी लागते.

प्रत्यक्षात ही दोन टोके शेतातच उभी करता येतात. काही पानांवर दोन्ही बाजूंनी पाणी फवारले की ओला संदर्भ मिळतो, आणि काही पानांना पेट्रोलियम जेली लावून रंध्रे बंद केली की कोरडा संदर्भ मिळतो. ओला संदर्भ लवकर वाळतो, म्हणून उड्डाणाच्या अगदी आधी फवारणी करावी. ड्रोनवरील साध्या, शीतकरण नसलेल्या थर्मल कॅमेऱ्यांची अचूकता उत्पादक बहुधा अधिक-उणे 5 अंश सांगतात, आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे तापमान बदलते तसे त्याचे वाचनही सरकते. ज्या फरकाचा आपण शोध घेत आहोत तो दोन-तीन अंशांचा असताना असे संदर्भ घेतल्याशिवाय केवळ कॅमेऱ्याच्या आकड्यावर विसंबणे मला मान्य नाही.

दुसरी मोठी चूक मातीमुळे होते. उन्हात तापलेली कोरडी माती पानांपेक्षा 20 अंशांनी किंवा त्याहूनही अधिक गरम असू शकते. थर्मल कॅमेऱ्याचे पिक्सेल कमी असतात, त्यामुळे एका पिक्सेलमध्ये पान आणि माती एकत्र आली की त्याचे तापमान वाढते आणि विरळ पीक ताणाखाली असल्याचा भास होतो. आपला पाच पट्ट्यांचा कॅमेरा इथे अत्यंत उपयोगी आहे: दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवून, एनडीव्हीआयच्या आधारे केवळ शुद्ध पानांचे पिक्सेल निवडावेत आणि तापमान फक्त त्यांचेच घ्यावे. थर्मल उड्डाण कमी उंचीवरून करावे, निरभ्र आकाशात करावे आणि सूर्य माथ्यावर आल्यानंतरच्या थोड्या काळात करावे. एखादा ढग सरकून गेला तरी पानाचे तापमान लगेच उतरते आणि नकाशात ढगाची सावली ताणमुक्त पट्ट्यासारखी दिसते.

सिंचनाच्या प्रश्नाबाबत मी सावध राहण्याचा सल्ला देईन. तापलेले पान एवढेच सांगते की बाष्पोत्सर्जन कमी आहे. पाणी साचून मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला तरी रंध्रे मिटतात आणि पान तापते. मूळकूज झाली, मर रोगाने जलवाहिन्या तुंबल्या, जमिनीत क्षार वाढले, तरीही तेच घडते. पाणी साचलेल्या भागाला ‘तापलेला’ म्हणून आणखी पाणी दिले तर नुकसानच वाढेल. म्हणून नकाशात तापलेला भाग दिसला की सिंचन सुरू करण्याआधी त्या जागी मुळांच्या खोलीवर मातीतील ओल तपासावी.

शिवारफेरी यांचे उत्तर

ताणाचे कारण ओळखण्याच्या प्रश्नावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रकाशाच्या मोजमापाबद्दलच्या सर्वांत मोठ्या अपेक्षा आणि सर्वांत मोठ्या निराशा याच जागी निर्माण होतात.

एकाच निर्देशांकावरून कारण ओळखता येत नाही. पान पिवळे पडणे नत्राच्या कमतरतेमुळे होईल, गंधकाच्या किंवा लोहाच्या कमतरतेमुळे होईल, मुळांच्या रोगामुळे होईल किंवा पान केवळ वयोमानाने पिकेल. हरितद्रव्य कमी झाले एवढेच रेड एज सांगतो. मात्र अनेक लक्षणे एकत्र वाचली तर संशयितांची यादी बरीच आटोपशीर होते. या दिशेने झालेले एक महत्त्वाचे काम 2018 साली प्रसिद्ध झाले. दक्षिण इटलीतील पुलिया प्रदेशातील ऑलिव्हच्या बागांना झायलेला फास्टिडिओसा या जिवाणूने ग्रासले होते. हा जिवाणू झाडाच्या जलवाहिन्या तुंबवतो, म्हणून त्याची लक्षणे पाण्याच्या कमतरतेसारखीच दिसतात. झार्को-तेहादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून हायपरस्पेक्ट्रल (अनेक अरुंद पट्ट्यांच्या) आणि थर्मल प्रतिमा घेतल्या आणि त्यांतून रंगद्रव्ये, प्रदीप्ती (शोषलेल्या प्रकाशापैकी पानाने पुन्हा बाहेर टाकलेला क्षीण उजेड) आणि तापमान यांविषयीची अनेक वैशिष्ट्ये काढून, दृश्य लक्षणे उमटण्याआधीच संसर्ग झालेली झाडे 80 टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखली. 2021 साली याच दिशेने पुढे झालेल्या कामात असे दिसले की पाण्याच्या ताणाचा वर्णपटातील मार्ग आणि रोगाचा मार्ग काही अंशी वेगळे असतात, आणि ते वेगळे केले की निदानातील अनिश्चितता कमी होते. मात्र कोणती वैशिष्ट्ये उपयोगी पडतात हे पीक आणि रोगजंतू यांच्या जोडीनुसार बदलते. ऑलिव्हसाठी तयार केलेले प्रारूप दुसऱ्या पिकावर जसेच्या तसे चालेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सर्वच रोगांत पान तापते असेही नाही. काकडीवरील केवडा रोगात संसर्ग झालेल्या जागेची रंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे डाग दिसण्याआधी ती जागा भोवतालपेक्षा किंचित थंड आढळते. म्हणून तापमान शेजारच्यापेक्षा वेगळे आहे का, असे विचारावे. केवळ जास्त आहे का, असे विचारू नये.

माझ्या अनुभवात कारणाकडे नेणारा सर्वांत उपयुक्त पुरावा वर्णपटापेक्षा नकाशातील आकारात असतो. सरळ रेषेत ताण दिसला तर सिंचनवाहिनी, पेरणीयंत्र किंवा खत टाकण्याचे यंत्र तपासावे. आपल्या बंद वाहिनीचा ताण नकाशात उमटला असता तर तो ओळींच्या रेषेतच दिसला असता. एका केंद्रापासून गोलाकार पसरत जाणारे ठिगळ असेल तर जमिनीतून येणारे रोग किंवा सूत्रकृमी यांचा विचार करावा. सखल भागाला धरून असलेला ताण बहुधा साचलेल्या पाण्याचा असतो, आणि उंचवट्यावरचा हलक्या, उथळ मातीचा. जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा सोबत ठेवला तर अर्धे काम तिथेच होते.

नत्राबाबत एक गोष्ट विसरू नये. नत्र वनस्पतीत जुन्या पानांकडून नव्या पानांकडे वाहून नेले जाते, म्हणून कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. ड्रोन पाहतो ती वरची पाने. त्यामुळे दाट पिकात वरून हिरवेपणा कायम असताना खाली पिवळेपणा सुरू झालेला असू शकतो. लोहाची कमतरता उलट कोवळ्या पानांवर आधी येते आणि वरून लवकर दिसते.

या सर्व प्रकारांत संदर्भपट्टा ठेवण्याचा मी आग्रह धरतो. शेताच्या एका पट्ट्याला नत्र कमी पडणार नाही इतके दिले आणि उरलेल्या शेताचे मोजमाप त्या पट्ट्याच्या मोजमापाने भागले, तर वाण, हवामान, सूर्याची उंची आणि पिकाचे वय यांचे परिणाम दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे निघून जातात. हातातील हरितद्रव्यमापकासाठी हे गुणोत्तर 0.95 च्या खाली गेले की नत्राची गरज आहे असे मानण्याची पद्धत रूढ आहे. पाण्यासाठीही शेताचा एक भाग कायम पुरेशा ओलाव्यावर ठेवला तर तो तसाच उपयोगी पडतो. सार्वत्रिक आकड्यापेक्षा त्याच शेतातील निरोगी पिकाशी केलेली तुलना मला नेहमी अधिक खरी वाटते.

नकाशा पाहून शेतात जाताना फक्त लाल दिसणाऱ्या जागीच जाऊ नये. तितक्याच काळजीने चांगल्या दिसणाऱ्या काही जागाही तपासाव्यात. अन्यथा नकाशाने काय चुकवले हे कधीच कळत नाही आणि त्याच्यावरचा विश्वास पुराव्याशिवाय वाढत जातो.

पर्णवाचक

संदर्भपट्ट्याची कल्पना मला फार मोलाची वाटली. पाणी साचल्यानेही पान तापते हे बाष्प यांनी सांगितले नसते तर मी तापलेला भाग म्हणजे कोरडा भाग असेच समजलो असतो. आता दोन लहान प्रश्न राहतात. उपग्रहांच्या मोफत प्रतिमा या कामात कितपत साथ देतील? आणि वनस्पतीच्या प्रदीप्तीबद्दल पुष्कळ वाचायला मिळते, ती ड्रोनवरून मोजता येते का?

वर्णपट यांचे उत्तर

उपग्रहांबद्दल थोडक्यात लिहितो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा मोफत आहेत. दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर साधारण दर 5 दिवसांनी तीच जागा पाहतात. लाल आणि निकट अवरक्त पट्ट्यांचे पिक्सेल 10 मीटरचे आहेत, तर 705, 740 आणि 783 नॅनोमीटरचे तीन रेड एज पट्टे आणि 1610 नॅनोमीटरचा लघुतरंगी अवरक्त पट्टा यांचे पिक्सेल 20 मीटरचे आहेत. म्हणजे रेड एजचा एक पिक्सेल 400 चौरस मीटर क्षेत्राची सरासरी देतो. आपल्या बंद वाहिनीच्या ओळी त्यात हरवून जातील. पण आपल्या कॅमेऱ्याला न दिसणारा लघुतरंगी अवरक्त पट्टा तिथे मिळतो, आणि 865 आणि 1610 नॅनोमीटर यांपासून काढलेला आर्द्रता निर्देशांक मोठ्या क्षेत्रातील पिकांच्या पाण्याचा कल चांगला दाखवतो. हे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात, म्हणजे दुपारचा ताण शिगेला पोहोचण्यापूर्वी.

थर्मल पट्टे सेंटिनेल-2 वर नाहीत. लँडसॅट 8 आणि 9 वर ते आहेत, पण त्यांचे मूळ विभेदन (एका पिक्सेलचा आकार) 100 मीटर आहे आणि दोन्ही मिळून तीच जागा 8 दिवसांनी दिसते. 2018 पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असलेले इकोस्ट्रेस हे उपकरण सुमारे 70 मीटरच्या विभेदनाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तापमान मोजते. दुपारी पीक रंध्रे मिटते का, हे मोठ्या क्षेत्रावर अभ्यासण्यास ते विशेष उपयोगी आहे. मी स्वतः उपग्रहाच्या प्रतिमांचा उपयोग ड्रोन कुठे आणि केव्हा उडवावा हे ठरवण्यासाठी करतो.

हरितकण यांचे उत्तर

प्रदीप्तीबद्दल लिहितो. हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशापैकी साधारण 1 ते 2 टक्के प्रकाश अधिक लांब तरंगलांबीवर पुन्हा बाहेर पडतो. त्याचे दोन उंचवटे 685 आणि 740 नॅनोमीटरच्या आसपास असतात. अंधारातून उजेडात आणलेल्या पानाची ही प्रदीप्ती आधी झपाट्याने वाढते आणि मग उतरते, हे काउट्स्की आणि हिर्श यांनी 1931 साली नोंदवले. प्रयोगशाळेत पान अंधारात ठेवून तीव्र प्रकाशाच्या स्पंदाने मोजलेले, प्रदीप्तीतील वाढ आणि तिचे कमाल मूल्य यांचे गुणोत्तर निरोगी पानात 0.83 च्या आसपास येते आणि प्रकाशयंत्रणेला इजा झाली की खाली घसरते. मात्र ते मोजमाप पानाजवळ उपकरण नेऊनच करावे लागते.

दुरून मोजता येते ती सूर्यप्रकाशाने उत्पन्न झालेली प्रदीप्ती. ती परावर्तित सूर्यप्रकाशाच्या तुलनेत इतकी क्षीण असते की थेट दिसत नाही. सूर्याच्या वर्णपटातील फ्राउनहोफर रेषा (अरुंद गडद रेषा) आणि हवेतील प्राणवायूचे 687 आणि 760 नॅनोमीटरजवळचे शोषणपट्टे येथे मदत करतात: त्या अरुंद जागी येणारा सूर्यप्रकाश फार कमी असतो, म्हणून पानाचा स्वतःचा उजेड तिथे वेगळा काढता येतो. गोसॅट उपग्रहाच्या मोजमापांवरून 2011 साली तिचे जागतिक नकाशे प्रथम प्रसिद्ध झाले, आणि युरोपीय अंतराळ संस्थेची फ्लेक्स ही मोहीम खास याच कामासाठी 300 मीटरच्या विभेदनाने आखलेली आहे.

आपल्या पाच पट्ट्यांच्या कॅमेऱ्यातून हे साधणार नाही, कारण प्राणवायूच्या पट्ट्यांत सुमारे 0.3 नॅनोमीटर किंवा त्याहून सूक्ष्म वर्णपटीय विभेदन लागते. ड्रोनवर बसणारे असे वर्णपटमापक उपलब्ध आहेत, पण ते बहुधा प्रतिमेऐवजी खालच्या एका ठिपक्याचे मोजमाप देतात. त्याशिवाय प्रदीप्तीचा अर्थ लावताना एक गुंता सोडवावा लागतो. मंद प्रकाशात प्रकाशसंश्लेषण कमी झाले तर प्रदीप्ती वाढते, कारण न वापरलेली ऊर्जा त्या वाटेने बाहेर पडते. भर उन्हात पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकू लागते, तेव्हा प्रकाशसंश्लेषण आणि प्रदीप्ती दोन्ही एकत्र उतरतात. म्हणून प्रदीप्तीची नोंद प्रकाशाची तीव्रता आणि पानांनी शोषलेला प्रकाश यांच्या नोंदींसह घेतली तरच तिच्यातून ताणाविषयी काही सांगता येते. सध्याच्या साधनांत भर घालायची असेल तर मी आपल्याला आधी थर्मल कॅमेरा आणि त्यासोबत शेतात हवेचे तापमान व आर्द्रता नोंदवणारे एक साधे उपकरण घेण्यास सुचवेन. आर्द्रतेची ती नोंद नसेल, तर बाष्प यांनी सांगितलेली खालच्या टोकाची रेषा काढताच येणार नाही.